टेबलाच्या पायांना टेकू

मोक हॉन-सँग रोज दुपारी आमच्या दुकानात टोफू खायला यायचा. हे मी बाजारात कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी गालातल्या गालात हसायचा, कारण आमच्या बोलीत बाईचा टोफू खाणं म्हणजे तिच्याशी नको ती सलगी करणं. मोक बिचारा खरोखरच टोफू खायचा. मऊ, गरम, आल्याच्या पाकातला, एक वाटी. खाऊन झालं की वाटी टेबलावर न ठेवता आत नेऊन द्यायचा. आणि आत आ-लान असायची.

ताय पोच्या बाजारातलं हे दुकान माझ्या सासऱ्यांनी काढलं. नवरा गेल्यापासून मी चालवते. सगळे मला पून ताई म्हणतात, माझ्याहून मोठे असलेलेसुद्धा. आ-लान माझ्याकडे सोयाबीन दळायला आणि टोफूचे साचे दाबायला होती. सीमेपलीकडच्या हूनानच्या डोंगरातली बाई, पन्नाशी ओलांडलेली, हात असे की ओल्या सोयाबीनचं पोतं एकटी उचलायची. तिचा नवरा इकडचा, ट्रक चालवणारा. लग्न करून तो परत आला आणि ही तिकडे, इकडे येऊन राहायच्या परवान्याची वाट बघत राहिली. परवाना मिळून मुलीला घेऊन आली तेव्हा तो आजारी पडलेला होता. पुढे तो गेला, मुलगी शिकून नर्स झाली, आणि आ-लान माझ्याकडे आली.

आमची भाषा तिला कामापुरती यायची. "एक वाटी", "दोन तुकडे", "पिशवी हवी का" हे सगळं चोख. पण बाजारातले लोक सरळ कुठे बोलतात? प्रत्येक गोष्टीला आडून एक शब्द. ते सुरू झालं की ती हसायची, आणि मला कळायचं की हिला काही कळलेलं नाही.

मोक हिरवी मिनीबस चालवायचा, स्टेशनापासून वरच्या गावांपर्यंत. लग्न झालेलं नव्हतं. आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, तिचं सगळं यानेच केलं. ती गेली आणि मग दुपारच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात करायचं काय, हा त्याला प्रश्न पडला असावा. माणूस मनाने चांगला, पण त्याच्या तोंडून एक वाक्य सरळ निघायचं नाही.

एक दिवस दुकानातलं एक स्टूल डुगडुगत होतं. आ-लानने बांबूची चिपटी कापली, हातोडीचे दोन ठोके मारले, स्टूल उलटं करून पुन्हा ठोकलं आणि मोकसमोर ठेवलं.

"बसा आता. नाही पडणार."

मोक बसला, हलून पाहिलं. "वा. तुमच्या हातात जादू आहे हो."

"टेबल, खुर्ची, सगळं येतं," आ-लान म्हणाली. "माझे वडील करायचे."

एवढंच बोलणं. पण त्या दिवशी मोक वाटी आत द्यायला गेला तो लवकर बाहेर येईना. मी ओरडले, "मोकदादा, टोफू संपला की अजून खाताय?" तो कानापर्यंत लाल होऊन बाहेर आला. हा शब्द मात्र आ-लानला माहीत होता, तिच्याकडेही तो तसाच चालतो. तिने आतून माझ्या दिशेने ओला फडका भिरकावला.

मग एका बुधवारी त्याने हिय्या केला. मी गल्ल्यावर होते, गिऱ्हाईक होतं, मला नीट ऐकू आलं नाही. नंतर दोघांकडून वेगवेगळं ऐकलं ते जोडून सांगते. तो आत गेला आणि म्हणाला, "उद्या संध्याकाळी मोकळ्या आहात का? स्टेशनामागे ते जुनं पाश्चात्त्य खाण्याचं हॉटेल आहे ना, तिथे माझ्याबरोबर टेबलाच्या पायांना टेकू द्यायला याल?"

आमच्यात जोडीने जेवायला जाण्याला असंच म्हणतात. टेबलाच्या पायांना टेकू देणं. दोघंच समोरासमोर, टेबलाखाली चार पाय टेबलाचे आणि चार या दोघांचे. माझ्या लग्नाआधी आम्हीही कधीमधी टेकू द्यायला जायचो. शब्द इतका रुळलेला की त्यात टेबल आहे हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही.

आ-लानच्या मात्र तेवढंच लक्षात आलं.

"किती टेबलं आहेत?" तिने विचारलं.

मोकला वाटलं, ही थट्टा करतेय. तो खूश झाला. "एकच पुरे आपल्याला," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आ-लान मला म्हणाली, "ताई, हातोडी नेऊ का? उद्या आणते." मी म्हटलं ने. घरी काही ठोकायचं असेल, असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी मोकने कोट घातला होता. केस काळे केले होते, तो रंग कानाच्या मागे थोडा त्वचेवरही उतरला होता. कोपऱ्यातलं टेबल, त्यावर काचेच्या पेल्यात मेणबत्ती, लाल सुपाची ऑर्डर आधीच देऊन ठेवलेली. आणि दारातून आ-लान आली ती कामाच्या पँटमध्ये, बाह्या वर केलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत हातोडी, चिपट्या, सरसाची डबी.

मोकने उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"बसत नाही. आधी काम," ती म्हणाली. "हेच का?"

आणि तिने पिशवी खाली ठेवली, गुडघे टेकले आणि टेबलाखाली गेली. एकेक पाय हलवून पाहिला. टेबल ओतीव लोखंडाच्या पायांचं, ते कशाला हलतंय? खालूनच म्हणाली, "हे तर नीट आहे. दुसरं कुठलं?"

मोक वाकला. तो म्हणाला, "अहो, वर या ना." पण इतक्या हळू की तिला ऐकूच गेलं नाही. शेजारच्या टेबलावरची जोडपी वळून बघायला लागली. एक तरुण वाढपीण सूप घेऊन आली होती, ती वाकली आणि म्हणाली, "मावशी, काय हरवलं?"

"काही नाही. टेबलाच्या पायांना टेकू द्यायचाय. यांनी बोलावलं."

पोरीने तोंडावर हात धरला, पण हसू फुटायचं ते फुटलंच. मग तिनेच समजावून सांगितलं. वाईट मनाने नाही, पण मोठ्याने. "मावशी, टेकू म्हणजे हातोडीचा नाही. प्रेमाचा. तुम्हाला जेवायला बोलावलंय त्यांनी." शेजारचा एक तरुण हसला, मग त्याची मैत्रीण हसली, मग आणखी कुणी.

आ-लान टेबलाखालून बाहेर आली. पँटचे गुडघे झटकले, हातोडी पिशवीत घातली आणि निघून गेली. मोक तिच्यामागे दारापर्यंत धावला तोवर ती रस्ता ओलांडून गेली होती. परत येऊन तो त्या सुपासमोर बसला. प्यायला नाही. मेणबत्ती विझवायचंही सुचलं नाही, असं मला त्या वाढपिणीनेच नंतर सांगितलं. तिला फार चुटपुट लागली होती.

दुसऱ्या दिवशी आ-लानने हातोडी गल्ल्यावर ठेवली आणि आत जाऊन सोयाबीन दळायला लागली. दुपारी साचे धुताना तिने एकदम सांगायला सुरुवात केली.

"मी आले तेव्हा हॉटेलात भांडी घासायचे. तिथल्या बाया मला वाक्य शिकवायच्या. म्हणायच्या, मालकाला जाऊन असं बोल. मी जाऊन बोलायचे. मालक चिडायचा, त्या हसायच्या. ते वाईट शब्द होते. मला माहीत नव्हतं." तिने साच्यावर पाणी ओतलं. "हा माणूस तसा वाटला नव्हता."

"तो तसा नाहीच, आ-लान."

"मग हातोडी घेऊन का बोलावलं?"

"हातोडीचं तो बोललाच नाही गं." मी तिला सगळं समजावलं. टेकू म्हणजे काय, का म्हणतात, मीसुद्धा कशी म्हणायचे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहात म्हणून असं सांगता," आणि साचे उन्हात ठेवायला गेली. एकदा पोळलेल्या माणसाला पाणी गार आहे हे दुसऱ्याने सांगून पटत नाही.

मोक आठवडाभर फिरकला नाही. मग एक दिवस मिनीबस कोपऱ्यावर उभी करून आला. त्याला बघून आ-लान मागच्या दाराने गेली.

"पून ताई, मडकं फुटलं का हो?" त्याने विचारलं.

"तडा गेलाय."

"कडं घालून सांधता येईल?"

आता हेही आमचंच बोलणं. प्रेमात बिनसलं की मडकं फुटलं, आणि ते जुळवायचं म्हणजे त्याला कडं घालायचं. पण त्या क्षणी माझं डोकं फिरलं.

"मोकदादा, हेच. हेच बंद करा. ती आली होती टेबल दुरुस्त करायला, आता मडकं दुरुस्त करायला बोलावणार का तिला? एकदा सरळ बोला."

"सरळच तर विचारलं होतं."

"काय म्हणायचं होतं तुम्हाला? मला सांगा. मी आ-लान आहे असं समजा."

दुकानात कुणी नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग टोफूच्या पिंपाकडे. घसा खाकरला. "आज... हवा बरी आहे."

"पुढे."

"वारं आहे जरा."

"मोकदादा, तुमची बस सुटायची वेळ झाली. जा."

गेला बिचारा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही. आ-लान आत असायची, हा बाहेर उभा राहून माझ्यासमोर पुटपुटायचा. मला हसू यायचं आणि कीवही यायची. सत्तावन्न वर्षांचा माणूस, रोज शेकडो लोकांना डोंगराच्या वळणांवरून सुखरूप नेणारा, आणि चार शब्दांना घाम फुटतो. तसं बघितलं तर त्याचं काय चुकलं? आमच्याकडे कुणीच हे सरळ म्हणत नाही. माझा नवरा मला आयुष्यात कधी 'आवडतेस' म्हणाला नाही. आम्ही बाहेर फिरायला लागलो तेव्हा त्याने त्याच्या आईला एवढंच सांगितलं होतं की पाक-तो चाललंय. जुन्या नावाड्यांचा शब्द, दोन नावा अंगाला अंग लावून ओढत न्यायच्या, ते पाक-तो. त्याच्या आईला कळलं, मला कळलं, विषय संपला. सरळ बोलायची वेळच आली नाही.

शेवटी ज्या दिवशी तो बोलला त्या दिवशी मी काहीच ठरवलं नव्हतं. दुपार होती. आ-लान पिंपातून टोफूचे पापुद्रे वाटीत काढत होती, कारण मी दोन गिऱ्हाइकांना पिशव्या बांधून देत होते. मोक आला आणि तिला पळायला जागाच नव्हती, हातात वाटी आणि पळी.

तो तिच्यासमोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून बोलला, जसं बहिऱ्या म्हाताऱ्यांना थांब्याचं नाव सांगतो तसं.

"मला तुमच्याबरोबर जेवायचंय. टेबल चांगलं आहे. खुर्ची चांगली आहे. काही दुरुस्त करायचं नाही. तुम्ही समोर बसा, एवढंच. त्या दिवशी मी तुमची थट्टा केली नाही. मला तुम्ही आवडता."

एक गिऱ्हाईक पिशवी घ्यायची विसरलं. मीही दुसरी बांधायची थांबले.

आ-लानने पळी खाली ठेवली. "पुन्हा सांगा," म्हणाली. "हळू."

त्याने पुन्हा सांगितलं. कपाळावरून घाम गळत होता. बाहेर त्याच्या बसमधून कुणी विचारत होतं की ड्रायव्हर कुठे गेला.

"थोडं कळलं नाही," ती म्हणाली.

"कुठलं?"

"शेवटचं."

माझी खात्री आहे की तिला शेवटचंच सगळ्यात चांगलं कळलं होतं. मोकने तिसऱ्यांदा सांगितलं आणि मग धावतच बसकडे गेला.

पुढच्या गुरुवारी ते जेवायला गेले, पण आ-लानने अट घातली की पून ताई बरोबर हवी. मी म्हटलं, "अगं, मी तिथे काय बल्ब होऊ?" दोघांच्या मध्ये बसून उजेड पाडणाऱ्या तिसऱ्याला आम्ही दिव्याचा बल्ब म्हणतो. तिला अर्थ सांगितला तर म्हणाली, "बरं आहे की. मला उजेड हवाच. काही कळलं नाही तर तुम्ही सांगाल."

तीच वाढपीण होती. तिने काही न बोलता कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि आ-लानच्या पाठीमागे उभी राहून खुर्ची सरकवली. तापलेल्या लोखंडी थाळीत मांस आलं. वाढपीण वरून रस ओतणार, तेव्हा मी आणि मोकने सवयीने रुमाल दोन्ही हातांनी छातीसमोर धरले, तेलाचे शिंतोडे उडतात म्हणून. आ-लानने आमच्याकडे बघून घाईघाईने रुमाल धरला तो थेट डोळ्यांपर्यंत. थाळी चरचरली, धूर झाला, आणि रुमालाच्या मागून तिच्या हसण्याचा आवाज आला. माझ्याकडे कामाला लागल्यापासून मी तिचं ते हसणं ऐकलं नव्हतं. कळलं नाही म्हणून हसायची ते वेगळं.

थाळी अर्धी होईपर्यंत मी बसले. मग सोयाबीन भिजत घालायचं राहिलंय असं सांगून निघाले. दोघांनाही माहीत होतं की सोयाबीन मी दुपारीच भिजवते.

त्यानंतर दर गुरुवारी त्यांचं चालू झालं. कधी ते हॉटेल, कधी भाताची हंडी, कधी नुसते शेवयांचे वाडगे. रात्री फोनवर बोलत बसायचे, आणि सकाळी दोघांचे डोळे सुजलेले. आ-लानच्या मुलीला, सिन-यूला, हे आधी पसंत नव्हतं. दुकानात येऊन मला म्हणाली, "मावशी, या वयात आई हे काय करतेय?" मी म्हटलं, "जेवतेय." तिला राग आला. पण पुढच्या महिन्यात आईचा नवा सदरा बघून तीच म्हणाली की रंग शोभतोय.

वर्षाने मोकने लग्नाचं विचारलं. या वेळी सरळ विचारलं, सवय झाली होती. आणि आ-लान नाही म्हणाली.

तो माझ्याकडे पडेल चेहऱ्याने आला. "ताई, लिंबू खाल्लं मी."

नकार मिळाला की आमच्याकडे लिंबू खातात. मला पटेना. आ-लानला आत जाऊन विचारलं, "अगं, का?"

ती सोयाबीनची सालं काढत होती. "पहिलं लग्न केलं तेव्हा त्या माणसाला मी दोनदा पाहिलं होतं. मग तो इकडे, मी तिकडे. आले तेव्हा आजारी होता. मी त्याला भरवलं, ताई. शेवटपर्यंत. पण त्याच्यासमोर बसून कधी जेवले नाही." तिने हात धुतले. "लग्न कसं असतं मला माहीत आहे. हे नव्हतं माहीत. हे आत्ता तर सुरू झालंय. ते संपवून मी लग्न कशाला करू?"

मी मोकला हे जसंच्या तसं सांगितलं. त्याने दोनदा मान हलवली. मग म्हणाला, "म्हणजे गुरुवार चालू?"

"गुरुवार चालू."

"मग चालेल." असं म्हणाला खरा, पण आठवडाभर फुरंगटून होता. त्या गुरुवारी तो थाळीकडेच बघत जेवला, आणि आ-लानने बोलायचा आग्रह केला नाही. पुढच्या गुरुवारी आपणहून बोलायला लागला.

गेल्या हिवाळ्यात मोक बस लावून उतरताना कोसळला. हृदयाचं दुखणं. मी आणि आ-लान धावतच रुग्णालयात गेलो. दारावरच्या बाईने विचारलं, "कोण लागता तुम्ही त्यांच्या?" आ-लानला उत्तर देता येईना. शब्द माहीत नव्हता असं नाही, तोवर तिला सगळे शब्द येत होते. त्या बाईने नियमाप्रमाणे सांगितलं, आत फक्त घरची माणसं, तुम्ही बाहेर बसा. आम्ही बाहेर बसलो. आ-लान दाराकडे बघत होती. तिचे हात मांडीवर असे उपडे पडलेले, जणू काही धरायचं विसरलेत. संध्याकाळी सिन-यू तिच्या नर्सच्या कामावरून आली, कुणाशी तरी बोलली आणि आईला आत नेलं.

मोक वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं, तर बस कुणी नेली. आ-लानने ते सांगितलं आणि मग म्हणाली, "बरे झालात की करू या."

"काय?"

"लग्न."

"तुम्हाला तर नको होतं."

"आता हवंय. मला दारात बसवतात."

मोक डोळे मिटून पडून राहिला. मी खिडकीकडे वळले. सिन-यू सलाइनच्या बाटलीचं उगाचच काहीतरी बघत होती.

वसंतात नोंदणी झाली. साक्षीला मी आणि सिन-यू. आ-लानने लाल सदरा घातला होता, मोकने कोट. कार्यालयातून बाहेर पडलो आणि मोकचा फोन वाजला. दुपारच्या फेरीचा ड्रायव्हर तापाने पडला होता, दुसरं कुणी मिळेना. डॉक्टरांनी नुकतीच त्याला पुन्हा गाडी चालवायची परवानगी दिली होती.

त्याने बायकोकडे पाहिलं.

"जा," आ-लान म्हणाली. "लोक थांबलेत. मीपण येते."

तसा तो कोटातच बसच्या चाकामागे बसला आणि ती त्याच्या मागच्या पहिल्या सीटवर. सिन-यू आणि मीही चढलो. स्टेशनावर रांगेतल्या म्हाताऱ्यांनी त्याच्या कोटाकडे बघितलं. एकाने विचारलं, "काय रे मोक, कुणाचं लग्न?"

"माझं," मोक म्हणाला. "मागे सरका, दार लावतोय."

मला दुकान उघडायचं होतं म्हणून मी बाजाराच्या कोपऱ्यावर उतरले. सिन-यूही माझ्याबरोबर उतरली. बस वरच्या गावांच्या रस्त्याला लागली. मागच्या काचेतून आ-लानचा लाल सदरा दिसत होता. ती पुढे झुकून त्याच्याशी काहीतरी बोलत होती आणि तो मान हलवत होता, नजर रस्त्यावर ठेवून.